माझ्यावर नुसतं ‘ब्लू’ लिहिलं होतं

मित्रांनो, तुम्ही मला बघाल तर सीडीच म्हणाल. म्हणा. वाशिमकडच्या आमच्या अनसिंग गावात सगळे तेच म्हणतात. गोल आणि चकाकणारं जे काही असेल ते सीडी. पण मी सीडी नाही आणि डीव्हीडीही नाही. मी एक ब्लू-रे डिस्क आहे. वय सहा वर्षं, म्हणजे यंत्रांच्या जगात म्हातारीच. माझ्या मधल्या भोकाजवळ केसाएवढा एक तडा आहे. तो कसा गेला ते सांगताना आजही मला भीती वाटते.

आम्हा डिस्कांचा जन्मच भित्रा. आम्हाला नखाची भीती वाटते, उन्हाची वाटते, ओढणीच्या टोकानं गोल गोल पुसणाऱ्या हाताची तर फारच वाटते. आणि ओरडता येत नाही. कोणी उलटं ठेवलं तर उलटं पडून राहायचं.

माझा कारखाना कुठे होता ते मला आठवत नाही. आठवतो तो काळा, गोल डबा. त्यात आम्ही दहा जणी एकीवर एक रचलेल्या होतो. वाशिमजवळच्या मालेगावच्या धम्मरत्न फोटोग्राफरनं तो डबा नागपूरहून आणला. धम्मरत्न लग्नांचं शूटिंग करायचा. त्यानं नवा कॅमेरा घेतला होता आणि त्यातलं चित्र इतकं स्पष्ट यायचं की साध्या डीव्हीडीत ते मावेना. म्हणून त्यानं आम्हाला आणलं, आणि आमच्यासाठी एक वेगळा ड्राइव्हही आणला, लॅपटॉपला बाहेरून जोडायचा. साध्या यंत्रातला दिवा लाल असतो. आमच्यावरच्या रेघा फार बारीक, त्या निळ्या-जांभळ्या उजेडालाच वाचता येतात. आमच्या नावातलं ‘ब्लू’ तिथून आलं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे याच शब्दानं घात केला.

माझ्यावर सरिताचं लग्न उतरवलं गेलं. सरिता ही अनसिंगच्या अंजनाबाईंची मुलगी. उतरवलं म्हणजे काय, तर अर्धा-पाऊण तास मला गरागरा फिरवत त्या निळ्या उजेडानं माझ्या पाठीवर बारीक बारीक डाग दिले. याला ते ‘बर्न करणं’ म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. बाहेर आले तेव्हा मी गरम होते, आणि रिकामी नव्हते. माझ्यात एक आख्खा मांडव होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मेणबत्त्या, पंचशील म्हणणारा आवाज, पंगतीतली वांग्याची भाजीसुद्धा.

धम्मरत्ननं मार्कर घेतला आणि माझ्यावर ‘ब्लू-रे’ लिहायला लागला. मार्कर वाळलेला. ‘ब्लू’ ठळक उमटलं, पुढचं काही उमटलंच नाही. त्यानं मार्कर झटकला, पुन्हा टेकवला, मग कंटाळून राहू दिलं. वर-वधूची नावं कागदी पाकिटावर होती, त्याला वाटलं तेवढं पुरे.

त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. घरची मंडळी स्टुडिओत जमली आणि लॅपटॉपवर मला बघत बसली. सरिताच्या गळ्यातल्या पोतीचा मणी न् मणी दिसतो म्हणाली. अंजनाबाईंचे दीर जगदेव, हे गावातले टवाळ. ते म्हणाले, माया टकलावरचा घाम बी दिसून राह्यला, हे काही बरं नाई झालं. सगळे हसले. मित्रांनो, आयुष्यात एवढी एकच दुपार मी लोकांना हसताना पाहिलं.

घरी नेल्यावर मला डीव्हीडी प्लेअरमध्ये घातलं. त्याच्या लाल दिव्याला माझं एक अक्षर वाचता येईना. सोबत एक पेन ड्राइव्ह दिला होता, तो टीव्हीला लागायचा. मग माझी गरज काय? मला सरिताच्या भावाच्या, उत्कर्षच्या कपाटात ठेवलं. कागदी पाकीट पहिल्याच पावसाळ्यात ओलीनं गळून पडलं. वर्षभरात जगदेवरावांनी तो पेन ड्राइव्हही नेला, त्यातलं लग्न पुसलं आणि ट्रॅक्टरवर वाजवायला गाणी भरली. त्यांनी विचारलं होतं म्हणे. कोणीतरी हो म्हणालं होतं म्हणे. त्या दिवसापासून ते लग्न जगात फक्त माझ्याकडे राहिलं, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

एकदा साफसफाई करताना मी अंजनाबाईंच्या हाती लागले. त्यांनी जगदेवरावांना विचारलं, काय लिवलं हाय हो याच्यावर? जगदेवरावांनी वाचलं आणि मिशीत हसले. म्हणाले, “वहिनी, ‘ब्लू’ हाय हे. उत्कर्षच्या कपाटात सापडलं का? ठेवून द्या, ठेवून द्या. पोरगं मोठं झालं आता.”

मित्रांनो, मोठ्या माणसांच्या बोलण्यात ‘ब्लू’ या शब्दाला एक वाईट अर्थ आहे. मुलांनी बघू नये, आणि मोठ्यांनीही चोरून बघावा असा सिनेमा. तुम्हाला तो अर्थ माहीत नसेल तर काही अडत नाही. अंजनाबाईंना माहीत होता. त्यांचा चेहरा उतरला. उत्कर्ष त्यांचा एकुलता मुलगा, वाशिमला नोकरीला, निर्व्यसनी. त्याच्या कपाटात हे? आणि घरात सून, चिमुकली नात. त्यांनी मला जाळायचं ठरवलं, पण प्लास्टिकचा वास शेजारी गेला असता. विहिरीत टाकायचं ठरवलं, पण उन्हाळ्यात पाणी आटलं की मी वर दिसले असते. शेवटी एका जुन्या खणात गुंडाळून त्यांनी मला तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी पुरलं.

त्या अंधारात मी तीन वर्षं होते. वर वाटी खुपसली की डाळ सरकायची आणि मी जीव मुठीत धरायची. एक दाणा खणाच्या घडीतून आत शिरला असता तर एखादा चेहरा खरवडून निघाला असता. मात्र स्वयंपाकघरातलं सगळं मला ऐकू यायचं. आणि गेल्या आषाढात जे ऐकलं त्यानंतर मला माझी भीती लहान वाटू लागली.

योगिनी म्हणजे उत्कर्ष आणि रूपाची मुलगी, सात वर्षांची. शाळेतल्या बाईंनी रूपाला बोलावून सांगितलं होतं की फळ्यावरचं बघताना पोरगी मान वाकडी करते. रूपानं घरी येऊन तिचा डावा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, किती बोटं? योगिनीला बोटं मोजता येईनात. मग रूपानं तिला दारात उजेडात नेलं. उजव्या डोळ्याच्या काळ्याभोर बुबुळात मधोमध एक पांढुरका ठिपका होता.

अकोल्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे. लहान मुलांनाही होतो. पण त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न घेऊन रूपा घरी आली. कणीक मळता मळता तिनं तो अंजनाबाईंना सांगितला. मी डब्यातून शब्द न् शब्द ऐकला. हा ठिपका जन्मापासून आहे की नंतर आला? जन्मापासून असेल, तर तो डोळा बघायला कधी शिकलाच नाही. आता ऑपरेशन करून फारसं हाती लागणार नाही, उगाच एवढ्याशा जिवाला भूल द्यायची. नंतर आला असेल, तर मात्र एक दिवसही घालवू नये. लहानपणीचा डोळ्यांचा जवळून काढलेला, स्पष्ट फोटो असेल तर आणा.

सांगून झाल्यावर ती बराच वेळ कणीकच मळत राहिली. मग म्हणाली, “आई, मी तिचं नख वाढलेलं पाहते. डोक्यातली एक ऊ सोडत नाई. अन् हे मले दिसलं नाई.”

अंजनाबाई म्हणाल्या, मले तरी कुठं दिसलं.

शोध सुरू झाला. रूपाचा तेव्हाचा फोन पाण्याच्या टाकीत पडून केव्हाच गेला होता. लग्नाचा अल्बम सरिताकडून मागवला. त्यात योगिनी दोनदाच होती, एकदा पाठमोरी आणि एकदा झोपलेली. पेन ड्राइव्हवर गाणी. रूपानं धम्मरत्नला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडचं सगळं मी दोन वर्षांनी पुसून टाकतो, वहिनी. पण तुम्हाला मी ब्लू-रे दिली होती, तीत फोटोपेक्षा स्वच्छ दिसेल. लेकराच्या तोंडावर मी मुद्दाम कॅमेरा ठेवला असेल, माझी सवयच आहे ती.

रूपा फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि सरळ विचारलं, “आई, आपल्या घरी एक ब्लू सीडी होती. तुमी पाहली का?”

मित्रांनो, अंजनाबाईंच्या हातातली पळी पडली. मी इथे आहे, इथे आहे, असं मी डाळीखालून किती म्हणाले असेन. अंजनाबाईंना वाटलं, सुनेला नवऱ्याचं कळलं. आता या संकटात घर फुटणार. त्या म्हणाल्या, “मले नाई मालूम. असलं काही आपल्या घरात नाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपा योगिनीला आणायला शाळेत गेली. डब्याचं झाकण उघडलं. डाळीत हात आला आणि तीन वर्षांनी मला उजेड दिसला.  अंजनाबाईंनी खण सोडला, मला दोन्ही हातांत धरलं आणि वाकवायला लागल्या. मी वाकते, लवकर तुटत नाही. त्यांनी गुडघा लावला. माझ्यातल्या मेणबत्त्या, ती पंगत, आणि कुठेतरी रूपाच्या मांडीवर बसलेली दीड वर्षाची योगिनी, सगळं एका बाजूला ताणलं गेलं. मग भोकाजवळ बारीक आवाज झाला. कट्.

तेवढ्यात दार वाजलं. अंजनाबाईंनी मला पदराखाली घेतलं.

योगिनी मान वाकडी करून म्हणाली, “आजीच्या पदरात काहीतरी चमकून राह्यलं.”

रूपानं विचारलं, काय आहे आई? अंजनाबाईंनी पदर आणखी आवळला. “रूपा, माया पोराची चूक पोटात घाल वं. लेकराचं एवढं मोठं दुखणं समोर हाय. त्याच्यात हे नको काढू.”

“कोणती चूक?”

त्यांनी मला पुढे केलं. रूपानं आधी मला पाहिलं, मग सासूला. समजायला तिला थोडा वेळ लागला. “आई, याच्यात सरिताताईचं लगन हाय.”

“मंग त्याच्यावर ब्लू काहून लिवलं?”

“ब्लू-रे. नाव हाय ते असल्या सीडीचं.”

अंजनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “नाव ठेवनाऱ्याले दुनियेत दुसरं नाव नाई भेटलं का?” एवढं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. रूपा हसली नाही. तिनं मला उजेडाकडे धरलं होतं. तडा तिला दिसला होता.

त्या संध्याकाळी तिनं आपला कॉलेजातला लॅपटॉप काढला. त्याच्या कडेला डिस्कचा खण होता, त्यात मला ठेवलं. आत तोच लाल दिवा. तो माझ्यावरून इकडे तिकडे फिरला, आंधळ्याच्या हातासारखा. पडद्यावर अक्षरं आली, कृपया डिस्क टाका. मी आत होते, आणि यंत्र म्हणत होतं डिस्क टाका. बाहेर रूपा उत्कर्षला हळूच म्हणाली, गेली वाटतं, आईंनी वाकवली तेव्हाच गेली. अंजनाबाई दारामागे उभ्या होत्या. त्या जेवल्या नाहीत.

सकाळच्या एसटीनं तिघी मालेगावला निघाल्या, वाशिमला गाडी बदलून. मी योगिनीच्या दोन वह्यांच्या मध्ये होते. रस्त्यात खड्डा आला की रूपाचा हात पिशवीवर यायचा आणि दुसरा हात योगिनीच्या डोक्यावर.

धम्मरत्नचा स्टुडिओ आता अर्धा राहिला होता. समोर मोबाइलची कव्हरं टांगलेली, मागे कॅमेरा. त्यानं जय भीम केला, मला हातात घेतलं आणि तड्यावरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याखाली मी सगळ्यात जास्त घाबरले. मग त्यानं बुटाच्या खोक्यातून तो जुना ड्राइव्ह काढला, रूपाच्या लॅपटॉपला जोडला आणि मला त्यात ठेवलं. मी अर्धा वळसा घेतला आणि थांबले. टक् टक्. पुन्हा अर्धा वळसा. टक् टक्.

अंजनाबाई म्हणाल्या, “मीच मोडली, बाबू.”

“थांबा काकू. इले वीज पुरून नाई राह्यली.” ड्राइव्हच्या वायरीला दोन टोकं होती. एक लॅपटॉपला लावलेलं, दुसरं लोंबत होतं. लॅपटॉपचं दुसरं भोक बिघडलेलं. त्यानं ते टोक मोबाइलच्या चार्जरला लावून भिंतीत खुपसलं.

आणि मी फिरले. सहा वर्षांनी निळा-जांभळा उजेड माझ्या अंगावर पडला. पण त्या वेगात तडा ओढला जाऊ लागला. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि तडा अगदी आत, भोकापाशी होता. आणखी दोन बोटं लांबला असता तर सरिताचं लग्न तिथेच संपलं असतं.

बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कना कुलूप असतं, किल्लीवाला प्लेअर असल्याशिवाय लॅपटॉप त्या लावतच नाही. माझ्यावर घरचं लग्न होतं, कुलूप नव्हतं. चित्र लगेच उघडलं. पण लॅपटॉप जुना, त्याला माझं चित्र पेलेना. आवाज पुढे जायचा आणि माणसं मागे अडकायची. मांडवातल्या बायका हात वर करून तशाच राहिल्या. धम्मरत्ननं पटकन थांबवलं. म्हणाला, असं लावत बसलो तर ही तुटेल. आधी सगळं एकदाच लॅपटॉपवर उतरवून घेऊ, मग निवांत बघू. एकदाच फिरवायची हिला.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. तीस. योगिनी कव्हरं मोजत बसली होती. साठ. रूपा पट्टीकडे अशी बघत होती जशी आजारी लेकराच्या छातीकडे बघतात, श्वास चालू आहे ना म्हणून. एक्क्याऐंशीवर पट्टी थांबली.

मी तिथे अडखळले होते. खाल्ली असावी एखाद्या दाण्यानं ती जागा, किंवा वाकताना ताणली असावी. उजेड तिथे येऊन परत जात होता, पुन्हा येत होता.  रूपाचे ओठ हलत होते. अंजनाबाईंनी योगिनीचा हात धरला तो इतका घट्ट की पोरगी म्हणाली, आजी, दुखते. मित्रांनो, मला वाटलं मी आता फुटणार. वाटलं, फुटायचंच असेल तर रूपाला तिचं लेकरू दाखवून फुटू दे.

मग एक अक्षर वाचलं गेलं. मग दुसरं. ब्याऐंशी.

शंभर झाल्यावर धम्मरत्ननं मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. तडा आणखी एका बोटाच्या रुंदीएवढा लांबला होता. तेव्हापासून मी फिरलेले नाही.

त्यानं लग्न पुढे पुढे नेलं. आणि ती आली. रूपाच्या मांडीवर, कानटोपी घातलेली, गालाला काजळाचा टिळा. प्रत्येक लग्नात लहान मुलासमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा आणि ते बघेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही, ही धम्मरत्नची पद्धत. त्याचं म्हणणं असं, की लेकराच्या डोळ्यात दिवा दिसला नाही तर शूटिंग मेलेलं. त्यानं चित्र थांबवलं आणि मोठं केलं. आणखी मोठं. योगिनीचा एक एक डोळा वाटीएवढा झाला. दोन्ही काळेभोर. दोन्हीत कॅमेऱ्याच्या दिव्याचा एक एक ठिपका. पांढुरकं कुठेच नव्हतं.

रूपाला खरं वाटेना. म्हणाली, दिव्यामुळं तसं दिसत असेल. एवढं सोपं नसते.

धम्मरत्ननं पुढे चालू केलं. पडद्यावर एका बाजूनं एक बाई वाकली, नातीशी बुवाकुक खेळायला. तिनं पदराचं टोक घेतलं आणि पोरीचा डावा डोळा झाकला. किल्ल्या वाजत नव्हत्या, नुसत्या समोर लोंबत होत्या. पोरीनं उजव्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, हात लांबवला आणि अचूक पकडल्या.

“हे तं मी हाय,” अंजनाबाई म्हणाल्या.

रूपानं तेवढा तुकडा सात वेळा पाहिला. मग तिनं लॅपटॉप मिटला आणि पहिल्यांदा रडली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तो तुकडा उभ्या उभ्या बघितला, असं तिनं नंतर सांगितलं. म्हणाले, “हा डोळा बघत होता. म्हणजे त्याला बघणं माहीत आहे. विसरला असेल, तर आठवण करून देऊ.” आठवड्यात ऑपरेशन झालं. भुलीच्या खोलीचं दार लागलं तेव्हा रूपानं काय केलं ते तिनं कोणालाच सांगितलं नाही, म्हणून मलाही माहीत नाही.

आता रोज शाळेतून आल्यावर योगिनीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात, दोन तास. म्हणजे दुबळ्या डोळ्याला काम करावं लागतं. पट्टी लावली की ती घाबरते, भिंत धरून चालते, कधी कधी पट्टी उपटून फेकते. काल तिनं ताटातला भाताचा ढीग ओळखला, शितं नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती सुधारेल ते आज सांगता येत नाही. रूपा रोज विचारते आणि रोज उत्तराला भिते.

परवा पट्टी लावता लावता तिनं शेवटी तो प्रश्न विचारला, जो ती महिनाभर गिळत होती. तुला दिसत नव्हतं तर तू मला सांगितलं का नाही?

योगिनी म्हणाली, “मले वाटलं, सगळ्यायचा एक डोळा तसाच असते.”

मित्रांनो, मी एक तडा गेलेली डिस्क आहे. मी सांगून कोण ऐकणार? तरी सांगते. आज घरी गेलात की भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. एक डोळा तळहातानं झाका आणि तारखा वाचा. मग दुसरा झाका. एका डोळ्याला कमी दिसलं, अंधुक दिसलं, काहीही वेगळं दिसलं, तर सगळ्यांना असंच दिसत असेल असं समजू नका. सगळ्यांना तसं दिसत नाही. आई कामात असेल, चिडलेली असेल, उद्या सांग म्हणेल, तरी तिचा पदर धरून सांगा. ती घाबरेल. तिला घाबरू द्या. पण तिला माहीत असू द्या.